तलवाड्याचा अल्पप्रवास आणि मोटारीचा इंधनव्यय

मराठवाड्यातील दळणवळणाच्या इतिहासात अभ्यासकांचे लक्ष साहजिकच लांबच्या अंतरांकडे गेलेले आहे. लोहमार्ग कोठवर आला, कोणते शहर कोणत्या बाजारपेठेशी जोडले गेले, निजामी राजवटीच्या अखेरीस सडकांची स्थिती कशी होती, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने घरापासून कोसभराच्या आत होणारा प्रवास दुर्लक्षित राहिला. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले गाव आहे. अशा गावातील माणूस वर्षातून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला किती वेळा जातो आणि मळ्यावर, देवळात, दवाखान्यात, शेजारच्या वाडीवर किती वेळा जातो, हे ताडून पाहिले म्हणजे लहान प्रवासाचे प्रमाण किती मोठे आहे ते कोणाच्याही ध्यानात येईल. हा प्रवास पूर्वी पायी किंवा बैलगाडीने होत असे. आता त्याचा काही भाग पेट्रोलच्या मोटारीने होतो, आणि पेट्रोलचे एंजिन नेमके ह्याच प्रवासात सर्वांत अधिक उधळे ठरते.

मोटारमालक ही उधळपट्टी ओळखतो, परंतु तिचे कारण तो निराळेच सांगतो. मराठी बोलीत मोटारीच्या इंधनव्ययासाठी ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द रूढ झाला आहे. ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न गाडीची किंमत विचारण्याआधी विचारला जातो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा प्रत्यक्षात पदरात पडला नाही की दोष तिघांपैकी एकावर ठेवला जातो : पेट्रोलमध्ये भेसळ असावी, गाडी चालविणाऱ्याचा पाय जड असावा, किंवा कंपनीने थाप मारली असावी. ह्यांपैकी एखादे कारण एखाद्या वेळी खरे असेलही. परंतु गाडी निर्दोष, पेट्रोल शुद्ध आणि चालक सावध असतानाही गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तो आकडा गाठता येत नाही. ह्याची मुळे एंजिनाच्या रचनेत आहेत, आणि त्या रचनेला स्वतःचा एक इतिहास आहे.

प्रथम मोटारीपूर्वीची स्थिती पाहावी. गोदावरीच्या दक्षिणेकडील ह्या काळ्या मातीच्या टापूत पावसाळ्याचे चार महिने गाडीवाटा चिखलाने बंद होत. उरलेल्या आठ महिन्यांत बैलगाडी हेच मालाचे व माणसांचे वाहन होते. हैदराबाद-मनमाड हा मीटरमापी लोहमार्ग इ. स. १९०० मध्ये पुरा झाला. तो नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा नदीच्या उत्तरेने गेला. बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीपर्यंत लोहमार्ग आला, पण खुद्द बीड शहराला आगगाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. अशा प्रदेशात बैलाची चाल हेच अंतराचे माप होते. ह्या मापाचे एक वैशिष्ट्य असे की बैलाला पहिला कोस स्वस्त पडतो आणि शेवटचा महाग. जनावर दमत जाते, त्याची चाल मंदावते, वैरण-पाण्याची गरज वाढते. म्हणून बैलगाडीच्या अर्थकारणात जवळचा प्रवास फायद्याचा आणि लांबचा तोट्याचा होता. पेट्रोलच्या एंजिनाने हा हिशेब उलटा केला. त्याला पहिला कोस सर्वांत महाग पडतो व पुढचे स्वस्त होत जातात. गावाने वाहन बदलले तेव्हा हा उलटा झालेला हिशेब कोणी त्याला समजावून सांगितला नाही.

मोटारीची कीर्तीही आरंभापासून लांबच्या प्रवासावर उभी राहिली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ह्या बाईंनी पतीने बनविलेली गाडी मानहाइमहून फोर्ट्‌झहाइमपर्यंत नेली. वाटेत व्हीसलोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतले. ही घटना मोटारीच्या प्रत्येक इतिहासात सांगितली जाते, कारण तिने अंतर जिंकता येते हे सिद्ध केले. निजामी संस्थानातही मोटार आली ती अंतर जिंकण्यासाठीच. संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी स्वतःचे सडक-वाहतूक खाते सुरू केले. सरकारी अंमलदारांची मोटार आणि पुढे स्वातंत्र्यानंतर आलेली जीपगाडी ही ‘दौऱ्या’ची वाहने होती. दौरा म्हणजे दिवसभराचे फिरणे. सकाळी तापलेले एंजिन संध्याकाळपर्यंत पुरते थंड होत नसे. त्या काळी लहान प्रवासासाठी मोटार वापरण्याची चैन फार थोड्यांना परवडत होती, त्यामुळे प्रस्तुत प्रश्न तेव्हा उद्भवलाच नाही.

आता एंजिनाकडे वळावे. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या हलक्या घटकांपासून २०० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या जड घटकांपर्यंत अनेक द्रवांचे मिश्रण असते. जळते ते पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ. पूर्ण ज्वलनासाठी एका वजनी भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एंजिन तापलेले असेल तर सगळे इंधन वाफ होऊन हवेत मिसळते. एंजिन थंड असेल तर हलके घटक तेवढे वाफ होतात. जड घटक नळीच्या व सिलिंडरच्या भिंतींवर ओल धरून बसतात. ज्वलनापुरती वाफ मिळावी म्हणून मग गरजेपेक्षा कितीतरी अधिक पेट्रोल आत सोडावे लागते. त्यातील थोडेच जळते. उरलेले अर्धवट जळून धुराड्यावाटे जाते किंवा दट्ट्याच्या कड्यांमधून खाली झिरपून वंगणात मिसळते.

विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये तुषार उडविणारा कार्बोरेटर प्रचारात आणला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही तशीच युक्ती काढली. ह्या कार्बोरेटरला पुढे जी झडप जोडण्यात आली तिचे नाव ‘चोक’, म्हणजे गळा आवळणे. हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढविणे एवढेच तिचे काम. आरंभीच्या काळात पेट्रोल आजच्यापेक्षा हलके होते, त्यामुळे थंड एंजिन सुरू होण्यास तितकी अडचण पडत नसे. परंतु अमेरिकेत मोटारींची संख्या भरमसाट वाढली, तेव्हा तेलशुद्धीकरणवाल्यांनी खनिज तेलातील जड अंशही पेट्रोलमध्ये घालण्यास आरंभ केला. विल्यम बर्टन याची जड तेल तोडून हलके करण्याची पद्धत १९१३ मध्ये कारखान्यात वापरात आली, तरीही मागणीला पुरवठा पुरेना. जड पेट्रोल आले आणि त्याबरोबर वंगण पातळ होण्याची व्याधी आली. हिवाळ्यात थोडेसे अंतर चालवून थांबणाऱ्या गाड्यांचे वंगण इतके पातळ होई की बेअरिंगे झिजून जात. १९२२ नंतर अमेरिकेच्या मानक संस्थेने, तेल-उद्योगाने व मोटार-उद्योगाने मिळून ह्या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्यापुढील प्रश्न मोठा मार्मिक होता : जमिनीतून काढलेल्या एका पिंप खनिज तेलावर देशातील मोटारी एकूण किती मैल चालतील? पेट्रोल हलके ठेवावे तर ते थोडेच निघते. जड करावे तर पुष्कळ निघते, पण थंड एंजिनात ते वाया जाते. लहान प्रवासातील उधळपट्टी ही एका गाडीमालकाची अडचण नसून साऱ्या देशाच्या तेलाचा हिशेब आहे, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट झालेली दिसते.

ह्यावर जे उपाय निघाले ते सर्व एंजिन लवकर तापविण्याचे होते. धुराड्याच्या उष्णतेने आत येणाऱ्या मिश्रणाला ऊब देण्याची सोय झाली. एंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट आला. वंगण थंडीतही पातळ आणि उष्णतेतही पुरेसे दाट राहावे म्हणून १९५० नंतर बहुश्रेणी तेले निघाली. तरीही पाणी तापणे आणि एंजिन तापणे ह्या दोन भिन्न गोष्टी राहिल्याच. पाणी काही मिनिटांत नेमस्त तापमानाला येते. तळाशी साठलेले वंगण त्याच्या बरेच मागे राहते. वंगण दाट असेपर्यंत फिरणाऱ्या प्रत्येक भागाला घर्षण अधिक होते, आणि त्या घर्षणाची किंमत पेट्रोलमध्येच चुकवावी लागते.

येथे ‘थंड’ ह्या शब्दाचा खुलासा करणे अगत्याचे आहे, कारण मराठवाड्यात ह्या शब्दाने दिशाभूल होते. बर्फाळ देशांतील हा प्रश्न आहे, आपल्या रखरखीत उन्हाळ्याचा त्याच्याशी संबंध काय, असे विचारले जाते. एंजिनातील पाणी सुमारे ९० अंशांवर असावे अशी त्याची रचना असते. तलवाड्यात डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंशांवर असली तर एंजिनाला ७८ अंश चढायचे असतात. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असले तरी ४८ अंश चढायचे उरतातच. म्हणजे एंजिनाच्या दृष्टीने वैशाखातली गाडीही थंडच. थंडीच्या देशात व्यय अधिक होतो हे खरे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे उणे ७ अंशांच्या थंडीत पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि तीन-चार मैलांच्या प्रवासात ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे थंडीचा भाग थोडा असला तरी अल्प अंतराचा भाग तसाच राहतो. शिवाय उन्हाळ्यात त्याची जागा दुसरे एक ओझे घेते. उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते. वातानुकूलन यंत्राला पहिल्या काही मिनिटांतच सर्वाधिक कष्ट पडतात, आणि ती गार होऊ लागते न लागते तोच मुक्काम येतो.

थंड एंजिनाचा हा स्वभाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका वेगळ्याच रीतीने उघड झाला. १९४१ पासून हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि बसगाड्यांना लोणारी कोळशावर चालणाऱ्या गॅसच्या भट्ट्या जोडण्यात आल्या. लाकूड-कोळशापासून मोटारीसाठी गॅस काढण्याची भट्टी जॉर्ज इंबेर याने १९२० नंतरच्या दशकात परिपूर्ण केली होती. भट्टी पेटवून निखारे लाल होईपर्यंत बराच वेळ थांबावे लागे. थोडे पेट्रोल मिळाले तर त्यावर एंजिन सुरू करून मग ते गॅसवर घेण्याची रीत होती. अशी गाडी कोसभर जाण्यासाठी काढणे हास्यास्पदच ठरले असते. भट्टी तापविण्याचा खर्च डोळ्यांना दिसत होता, म्हणून लोकांनी ती लांबच्या फेरीसाठीच पेटवली. पेट्रोलच्या गाडीतही अशीच एक भट्टी तापवावी लागते, पण ती पत्र्याआड असते.

युद्धानंतर आलेल्या व्यवस्थेचे ह्या दृष्टीने मूल्यमापन झालेले नाही, ते होणे जरूर आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपला. त्याच वर्षी १ जून रोजी पलीकडच्या मुंबई प्रांतात पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धावली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्यातील सरकारी बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. गावोगावी एस. टी. गेली, थांबे झाले. एस. टी. च्या उपकारांची नोंद सामाजिक इतिहासात आहे : मुली शिकू लागल्या, बाजार जवळ आला. तिच्या एका गुणाकडे मात्र लक्ष गेलेले नाही.

गेवराई आगारातून सकाळी निघालेली बस दिवसभर तालुक्यात फिरते. तिच्यात चढणाऱ्यांपैकी अनेकजण एखाद-दुसरा थांबा जाऊन उतरतात. त्यांचा प्रवास लहान असतो, पण एंजिनाचा प्रवास लांब असतो. तीन किलोमीटर जाणारी म्हातारी तापलेल्या एंजिनाच्या गाडीत बसते आणि तापलेल्याच गाडीतून उतरते. सकाळी एंजिन तापविण्यासाठी जो काही खर्च पडला तो दिवसभराच्या शेकडो उतारूंवर वाटला जातो. एकेकाच्या वाट्याला तो नगण्य येतो. बस डिझेलची, आणि डिझेल एंजिनाला चोकची गरज नसते, ही जमेची आणखी एक बाजू. बसचालकाने दर दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर गाडी चालविली ह्याचा हिशेब महामंडळ ठेवते, आणि तो त्याच्या कौशल्याचा खराखुरा निदर्शक ठरतो, कारण तेथे गार एंजिनाचा घोटाळा मधे येत नाही. पुढे काळीपिवळी जीपगाड्या आल्या. त्यांत माणसे कोंबली जात, नियम धाब्यावर बसविले जात, अपघात होत. ते समर्थनीय नव्हे. परंतु एंजिन तापलेले ठेवून लहान प्रवास वाटून घेण्याचे तत्त्व त्यांतही टिकले होते.

खासगी मोटारीने हे तत्त्व मोडले. तिच्यात प्रवासीही लहान अंतराचा आणि एंजिनही लहान अंतराचे. तेच तीन किलोमीटर, पण एंजिन तापविण्याचा सगळा भार एकट्या कुटुंबावर. येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. गावातील लहान प्रवास आजही मोठ्या प्रमाणात दुचाकीवर होतो, आणि दुचाकीचे हवेने गार होणारे लहानसे एंजिन तुलनेने चटकन तापते. म्हणून ह्या विवेचनातील खरा प्रश्न चारचाकीचा आहे.

मराठी माणसाची घरची मोटार दीर्घकाळ फियाट किंवा अँबॅसडर ही होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली. तिचेच पुढे प्रीमियर पद्मिनी असे नामांतर झाले. ह्या गाड्यांत चोक हाताने ओढावा लागे. ती खुंटी हा एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. सकाळी खुंटी ओढायची, गाडी घरघरत सुरू व्हायची, मग हळूहळू खुंटी आत ढकलायची. ती बाहेर आहे तोवर पेट्रोल अधिक जात आहे हे चालकाला ठाऊक असे. विसरून ती बाहेरच राहिली तर काळा धूर आणि पेट्रोलचा वास त्याला आठवण करून देई. ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या आणि अ‍ॅव्हरेजची भाषा घरोघरी पोचली. १९७८ मध्ये केंद्र शासनाने पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था उभी केली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली व कमी पेट्रोलची मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. कार्बोरेटर आणि चोक तिच्यातही होतेच.

चोक दिसेनासा झाला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर आले, आणि त्यापुढे कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता एंजिन किती गार आहे हे संवेदक ओळखतो आणि लहानसा संगणक तेवढे जास्तीचे पेट्रोल आत सोडतो. खुंटी गेली, जास्तीचे पेट्रोल गेले नाही. फक्त ते पूर्वीपेक्षा पुष्कळ मोजून मापून दिले जाते. ह्यात एक नवीन खर्च शिरला, हेही सांगितले पाहिजे. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करीत नाही. त्याला लवकर तापविण्यासाठी ठिणगी उशिरा पाडून मुद्दाम गरम धूर सोडतात. म्हणजे आरंभीच्या अर्ध्या-एक मिनिटात पेट्रोलचा काही भाग गाडी ओढण्याऐवजी धुराडे तापविण्यात खर्ची पडतो. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी तो आवश्यक आहे. पण लांब जाणाऱ्या गाडीच्या धुरापेक्षा जवळ जाणाऱ्या गाडीचा धूर दर किलोमीटरमागे अधिक विषारी असतो, कारण कन्व्हर्टर तापण्यापूर्वीच तिच्या प्रवासाचा मोठा हिस्सा उरकलेला असतो.

जुन्या चालकांची एक सवय ह्या स्थित्यंतरातून तशीच खाली आली. गाडी जागेवर उभी ठेवून पाच-दहा मिनिटे ‘गरम होऊ देणे’ ही ती सवय. कार्बोरेटरच्या गाडीत थोडे थांबणे योग्य होते, नाहीतर एंजिन वाटेत गचके खाऊन बंद पडे. इंजेक्शनच्या गाडीत त्याचे प्रयोजन उरले नाही. उभ्या गाडीचे एंजिन सावकाश तापते, आणि शून्य किलोमीटरला जळलेल्या पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज शून्यच येते. सुरू करून लगेच हळू चालू लागणे हाच एंजिन तापविण्याचा कमी खर्चाचा मार्ग.

आता कंपनीच्या आकड्याकडे वळता येईल. भारतात तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून ठरतो. त्यासाठी सुधारित भारतीय चालनचक्र वापरण्यात आले आहे. युरोपीय चक्राच्या धर्तीवर बेतलेले हे चक्र सुमारे ११८० सेकंदांचे व दहा-अकरा किलोमीटरांचे असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. गाडी आधी काही तास खोलीच्या तापमानाला उभी ठेवतात, म्हणजे एंजिन गार असते. युरोपीय चाचणीत एके काळी सुरुवातीचे चाळीस सेकंद मोजणीतून वगळले जात. २००० साली ती सवलत रद्द झाली. तेव्हा चाचणीत गार एंजिन धरलेच नाही, ही तक्रार आज टिकत नाही. ते धरले जाते, पण त्याचा भार दहा-अकरा किलोमीटरांवर पसरून.

केवळ उदाहरणादाखल गृहीत आकडे घेऊन पाहू. समजा, तापलेल्या गाडीला दर किलोमीटरला ५५ मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर. आणि गार एंजिन तापविण्यासाठी प्रत्येक वेळी ६० मिलिलिटर जादा जाते. तर साठ किलोमीटरांच्या प्रवासात अ‍ॅव्हरेज १७.९ पडेल, अकरा किलोमीटरांत १६.५ आणि तीन किलोमीटरांत १३.३. एकाच गाडीची, एकाच चालकाची, एकाच पंपावरच्या पेट्रोलची ही तीन उत्तरे आहेत. तीन-तीन किलोमीटरांच्या चार फेऱ्या चार वेगवेगळ्या वेळी केल्या तर ९०० मिलिलिटर लागतील. तीच चारही कामे जोडून एका दमात बारा किलोमीटर गाडी फिरविली तर ७२०. अंतर तेवढेच, फरक फक्त एंजिन किती वेळा गार झाले ह्याचा. प्रत्यक्षात जादा खर्चाचा बराचसा भाग पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच संपतो व पुढे थोडा रेंगाळतो, त्यामुळे आकडे गाडीगणिक हलतील; हिशेबाची घडण बदलत नाही.

‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द येथेच आड येतो. तो शब्द मुळात सरासरीचा, आणि सरासरी लहान-मोठे एकत्र करून झाकून टाकते. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन आलेल्या गाडीची टाकी चांगले अ‍ॅव्हरेज दाखविते. त्यामुळे गावातल्या वीस फेऱ्यांचे नुकसान त्यात बुडून जाते. ज्याची गाडी गावाबाहेर जातच नाही त्याला मात्र वाटते, आपल्याच गाडीत काही खोट आहे. तो गॅरेजात जातो, प्लग बदलतो, फिल्टर बदलतो. विधानात्मक पातळीवरही तीच गोष्ट. १ एप्रिल २०१७ पासून भारतात मोटार-कंपन्यांना लागू झालेले इंधनमानक कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीवर आधारलेले आहे. गाड्या कोणत्या अंतरासाठी वापरल्या जातात हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

अलीकडे ह्या गोंधळात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी मिळते. हा तोटा लांबच्या व जवळच्या प्रवासाला सारखाच लागू आहे. त्याखेरीज इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि थंड एंजिनाकडे नेमकी तीच नसते. ज्या जिल्ह्यात ऊस पिकतो आणि ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे जातात, त्याच जिल्ह्यातील गाडीमालकाने उसापासून झालेल्या ह्या द्रवावर रोष धरावा, ही गंमतीची गोष्ट. त्याचा रोष निराधार नाही. पण गावातल्या गावात अ‍ॅव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटरांनी खाली आले असेल तर त्यातला फार तर एखादा किलोमीटर इथेनॉलच्या नावावर पडेल.

पेट्रोलव्यतिरिक्तचे नुकसान थोडक्यात सांगता येईल. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. तापलेल्या धुराड्यातून ते वाफेच्या रूपाने निघून जाते. गार धुराड्यात ते साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. वंगणात उतरलेले पेट्रोल व पाणी उडून जाण्याइतके एंजिन कधी तापतच नाही, म्हणून थोडे चाललेल्या गाडीचे तेलही लवकर निकामी होते. सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीज दोन किलोमीटरांत भरून निघत नाही. ‘गाडी फक्त दोन हजार किलोमीटर चालली आहे, एवढ्यात तेल कशाला बदलायचे?’ असा प्रश्न ज्या गाडीबद्दल विचारला जातो, तिलाच ते आधी बदलण्याची गरज असते. कित्येक उत्पादक आपल्या पुस्तिकांत अल्पप्रवासाला कठीण वापरात गणतात. वाचक ते पान सहसा उघडत नाही.

एस. टी. चे कर्मचारी नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संपावर होते, तेव्हा खेड्यापाड्यांतील थांबे महिनोन्‌महिने ओस पडले आणि ज्याच्या घरी गाडी होती त्याने ती जवळच्या कामासाठीही बाहेर काढली. त्या सहा महिन्यांत तापलेल्या सामाईक एंजिनावरून गार खासगी एंजिनावर किती प्रवास सरकला, हे शोधण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी साधने सरकारी दप्तरांत मिळणार नाहीत. ती घरोघरच्या वह्यांत आहेत : टाकी कधी भरली, किती लिटर, किती रुपयांची, किलोमीटरचा आकडा काय होता, हे टिपून ठेवणारी माणसे गावोगाव आढळतात. संशोधकाने अशा वह्या मिळवाव्यात व टाकीगणिक अ‍ॅव्हरेज काढून ते प्रवासांच्या लांबीशी जुळवून पाहावे. लांबी वहीत नसेल तर मालकाला विचारून, सण, लग्नसराई, देवीची यात्रा, मुलांची शाळा ह्यांच्या तारखांवरून ती बसवावी लागेल. एंजिन दिवसातून किती वेळा सुरू केले, ह्याचा रकाना त्या वह्यांत सहसा नसतो.